जबलपूरच्या मेसमधलं कच्चं लिंबू

स्नूकर हा खेळ होण्याआधी स्नूकर हा माणूस होता. लंडनजवळच्या वुलिच इथल्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या पोराला जुने कॅडेट ‘स्नूकर’ म्हणत. म्हणजे नवखा, अजून काहीच न येणारा, आपल्याकडच्या खेळातलं कच्चं लिंबू. या शब्दाचं त्यामागचं मूळ कोशकारांनाही सापडलेलं नाही. पण हे हिणवणं एका खेळाचं नाव झालं, ते जबलपुरात. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे असलेलं हे गाव पुढे इंग्रजांची मोठी छावणी झालं होतं.

साल १८७५, दिवस पावसाचे. कवायत नाही, शिकार नाही. डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाभोवती पैसे लावून वेळ काढत होते. त्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा १९ वर्षांचा अधिकारी होता. (हिटलरशी करार करणारा पंतप्रधान तो हा नव्हे.) टेबलावर तेव्हा वेगवेगळे खेळ चालत. पिरॅमिड्समध्ये १५ लाल चेंडू, लाइफ पूलमध्ये रंगीत चेंडू, ब्लॅक पूलमध्ये काळा. चेंबरलेननं सगळ्यांची खिचडी केली: १५ लाल, शिवाय पिवळा, हिरवा, गुलाबी, काळा. निळा आणि तपकिरी नंतर आले.

एके दिवशी वुलिचमध्ये शिकलेला एक तरुण अधिकारी मेसमध्ये पाहुणा आला आणि बोलता बोलता ‘स्नूकर’ हा तिथला शब्द सांगून गेला. थोड्याच वेळात कुणीतरी पॉकेटच्या तोंडाशी असलेला सोपा चेंडू चुकवला. चेंबरलेन म्हणाला, हा तर पक्का स्नूकर! मग शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगावा लागला, आणि गडी रुसू नये म्हणून, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, अशी मखलाशीही करावी लागली. सगळ्यांना ती पटली आणि खेळाचं नाव ठरलं.

ही गोष्ट आपल्याला कळते ती खुद्द चेंबरलेनकडून, आणि तीही फार उशिरा. हा खेळ वुलिचमध्येच जन्मला असं कुणीतरी छापल्यावर १९३८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यानं ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपला हक्क सांगितला. पुढच्या वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी लेख लिहून त्याची बाजू उचलून धरली. ६३ वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे पक्का पुरावा नव्हे, हे खरं. पण मधला प्रवास तिच्याशी जुळतो. चेंबरलेनची नेमणूक पुढे उटीला झाली, आणि १८८० च्या दशकात तिथल्या क्लबच्या बिलियर्ड रूममध्ये या खेळाचे नियम लिहून लागले.

खरी गंमत पुढे आहे. स्नूकर म्हणजे अडाणी खेळाडू. पण खेळ रुळल्यावर त्यातल्या सर्वांत धूर्त डावालाच ‘स्नूकर’ म्हणू लागले. समजा, तुम्हाला पिवळा मारायचा आहे. प्रतिस्पर्ध्यानं पांढरा चेंडू असा नेऊन ठेवला, की तुमच्या आणि पिवळ्याच्या मध्ये काळा उभा. पिवळा हातभर अंतरावर, पण सरळ वाट बंद. पांढऱ्यानं आधी काळ्याला शिवलं की फाउल, आणि समोरच्याला ७ गुण. कशालाच शिवला नाही तरी त्याला ४ गुण. नेहमीचा उपाय: पांढरा कडेच्या गादीवर आपटून, कोन साधून, वळसा घालून पिवळ्यापर्यंत न्यायचा. अशा वेळी जगज्जेताही क्यू हातात धरून टेबलाभोवती फेऱ्या घालतो, वाकून बघतो, पुन्हा फेऱ्या घालतो. पहिल्या वर्षाच्या पोरासारखाच दिसतो तो! शब्द या डावाला का चिकटला याचं हे माझं स्पष्टीकरण, कोशातलं नव्हे.

टेबलावरून तो इंग्रजी बोलण्यात उतरला. एखाद्या मंत्र्याला विरोधकांनी असं कोंडीत धरलं की काहीही बोलला तरी पंचाईत, तर तो ‘स्नूकर्ड’ झाला. अमेरिकेत अर्थ आणखी सरकला: तिथे स्नूकर्ड म्हणजे साफ फसवला गेलेला. नवशिक्या, खेळ, डाव, अडकलेला, गंडलेला. एका टवाळ शब्दानं इतकी मजल मारलेली माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

जबलपूरसारखं खेळाचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाण्याचं भाग्य पुण्याच्या वाट्याला आलं नाही. बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत. नाव मात्र टिकलं ते इंग्लंडातल्या एका उमरावाच्या वाड्याचं. जबलपूरचंही नाव खेळाला लागलेलं नाही, पण निदान बारशाचं श्रेय गावाकडे राहिलं. त्याच पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीनं २००३ मध्ये स्नूकरचं जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकून थोडीफार भरपाई केली, असं म्हणू या.

भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी जबलपूरच्या या दुसऱ्या कीर्तीचीही चौकशी करावी. तिथला नर्मदा क्लब जन्मस्थानाचा मान स्वतःकडे घेतो. चेंबरलेननं मात्र रेजिमेंटच्या मेसचंच नाव घेतलं आहे, आणि मी त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवीन.