गॅलरीतला लॅव्हेंडर

वसईत राहून लॅव्हेंडरचे रोप विकत आणणाऱ्या माणसाला इथले लोक मनातल्या मनात काय म्हणत असतील, याची मला चांगली कल्पना आहे. ज्या गावातून पहाटेच्या लोकलने मोगरा, कागडा, तगर, जास्वंद आणि सोनचाफ्याच्या पाट्या दादरच्या फूलबाजाराला जातात, त्या गावात फुलांची वाण ती कसली? आम्हीसुद्धा २०१० साली गिरगावातली चाळ सोडून इकडे आलो ते निम्मे या फुलांच्याच मोहाने. वसई-विरारची महानगरपालिका वर्षापूर्वीच झाली होती. उरलेले निम्मे कारण म्हणजे जागेचा भाव, हे वाचकांना सांगायला नकोच.

चाळीत आमची बाग म्हणजे खिडकीच्या जाळीत, डालड्याच्या डब्यातली एक तुळस आणि गवती चहा. इथे पाच फुटांची गॅलरी मिळाली आणि सौ.चा हात सुटला. मोगरा आला, अनंत आला, जुई, सोनटक्का, मरवा, सारे आले. तिची परीक्षा नाकाने. "ज्याला वास नाही ते फूल कसलं, तो कागद!" असे ती म्हणे, आणि माझ्या हौसेचे क्रोटन व बोगनवेल तिने वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे हद्दपार करून ठेवले होते.

२०२१च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांनाही कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, माझे नाक पंधरा दिवसांत ताळ्यावर आले. तिचे आले नाही. मे महिन्यात मोगरा नेहमीसारखा बहरला. एके सकाळी ओंजळभर फुले नाकाशी धरून ती बराच वेळ गॅलरीत उभी होती. मग ती फुले तिने देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. फोडणी करपली तरी कळेना. दूध नासले की काय, हे ती मला हाक मारून विचारू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नाकाला एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो नकोसा वाटत होता.

डॉक्टर म्हणाले, नाकालाही तालीम देता येते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही रीत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, बारा आठवडे हुंगायचे. गुण येईलच अशी हमी नाही. आला तर सावकाश येतो. चार बाटल्या देव्हाऱ्याजवळ मांडल्या गेल्या. पण सौ.ला पाचवा वास हवा होता. तिच्या आत्याच्या कपाटात लॅव्हेंडरच्या सुगंधी पाण्याची बाटली असे. "तो वास आला ना, तर मी झोपेतही ओळखीन," ती म्हणाली. एवढे पुरे होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी रोप घेऊन आलो.

पावसाळ्याच्या तोंडावर! रोपवाल्याला दोष देत नाही; मीच विचारले नाही. लॅव्हेंडर मूळचा भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचा. त्याचे नाव लॅटिनमधल्या 'धुणे' या शब्दावरून आले असे सांगतात, पण स्वतः त्याला पाण्याचा तिटकारा. मी त्याला मोगऱ्याचा पाहुणचार केला. भरपूर शेणखत, खाली ताटली, ताटलीत पाणी. राहिलेले काम वसईच्या पावसाने केले. जुलैमध्ये खोड बुंध्याशी काळे पडले. टाकून द्यायला मन होईना, म्हणून कुंडी तशीच राहिली.

आणि एका सकाळी सौ. गॅलरीत येऊन म्हणाली, "अहो, इथे काही मेलंय का? कसला घाण वास येतोय!"

"काही नाही गं," असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते तिथेच राहिले. मी कुंडीकडे बोट केले. तिने वाकून त्या सडक्या चिखलाचा वास घेतला. परत घेतला. मग पदर डोळ्यांना लावून ती हसायला लागली. लॅव्हेंडरचा तो वास नव्हताच, कुजक्या मुळांचा होता. पण दोन-अडीच महिन्यांनी तिला आलेला तो पहिला वास. ती कुंडी आम्ही आणखी चार दिवस ठेवली. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा रिकामी केली.

पुढचा प्रवास काही सरळ नव्हता. चहाला जळक्या रबराचा वास येई, कांदा परतला की ती बाहेर पळे. पण नाक जागे झाले होते.

आमच्या दारावर लाल लुगड्यातल्या एक मावशी वाडीतली फुले घेऊन येत. मेलेल्या लॅव्हेंडरची हकीगत ऐकून त्या म्हणाल्या, "झेंडूला आपण बारा महिने जगवतो का? मग याला कशाला? पाऊस सरला की लावायचा, होळीपर्यंत फुलवायचा. पुढे राहिला तर राहिला." मी वाचलेल्या साऱ्या माहितीपेक्षा हे बोलणे उपयोगी पडले.

ऑक्टोबरात दुसरे रोप आणले, ते दातेरी पानांच्या जातीचे. साध्या इंग्लिश लॅव्हेंडरला फुलायला चांगली थंडी लागते. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत ती कुठून यायची? ही दातेरी जात उकाडा बरा सोसते. मातीची कुंडी घ्यावी, प्लॅस्टिकची नको. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, चिमूटभर चुना. खत जवळजवळ नाहीच. ताटली तर मुळीच नको. बोट दोन पेरे आत घालावे, कोरडे लागले तरच पाणी. सकाळचे ऊन हवे आणि कुंड्यांची दाटी नको. नोव्हेंबरात बिनफुलाची चार इंची फांदी वाळूत खोचली तर तिलाही मुळे फुटतात. माझ्या तीनांपैकी एखादेच झाड छज्जाखाली पावसाळा काढते. त्या एकाचे मला भारी कौतुक आहे.

याच नादात कळलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. लॅव्हेंडर हा तुळस, मरवा, पुदिना यांच्याच कुळातला. चौकोनी देठ चाचपून पाहावा, खूण पटते. त्याच्या शेतीसाठी फ्रान्सचा प्रोव्हान्स प्रसिद्ध, पण आता जम्मूकडच्या भद्रवाहच्या डोंगरांतही शेतकरी तो पिकवतात. आणि दुसरी गोष्ट, आपल्या सह्याद्रीतही त्याचे सख्खे भाऊबंद आहेत! त्यांपैकी एकाला पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव मिळाले आहे. जॉन ग्रॅहॅमच्या १८३९ सालच्या मुंबईकडील वनस्पतींच्या यादीत तो नोंदलेला आहे. म्हणजे मी आणलेला पाहुणा अगदीच परका नव्हता.

जानेवारीत त्या रोपाला जांभळे तुरे आले. सौ.ने पान चुरगळले, डोळे मिटले. "आत्याचा नाही," ती म्हणाली, "कापरासारखा आहे." मी जरा खट्टू झालो. ती मात्र खूश होती. कापूर ओळखता आला होता. या जातीला खरोखरच कापराची झाक असते, हे मला मागाहून कळले.

तिने एक वही घातली आहे. डावीकडे वासाचे नाव, उजवीकडे तो परत आल्याची तारीख. कुजकी कुंडी सगळ्यांत वर आहे. मग लवंग, ओली माती, लॅव्हेंडर, मरवा. मोगरा २०२२च्या मे महिन्यात आला, त्या पानावर एक वाळलेले फूलही आहे. अनंतापुढची जागा अजून कोरी आहे. पाऊस लागला, अनंताची पहिली कळी उमलली, की ती पेन घेऊनच गॅलरीत जाते.