नर्मदेवर एक दिवस : होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी

गोव्यात नदीवर जाणारा माणूस आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतो. मांडवी असो वा शापोरा, होडी केव्हा सोडायची हे त्यावरच ठरते. बडोद्याजवळच्या नर्मदेवर मात्र हे गणित चालत नाही. तेथील पाण्याचा चढउतार प्रामुख्याने सरदार सरोवर धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर नर्मदेवरील दिवसाचे नियोजन अर्धे झाले असे समजावे.

आपल्याकडच्या भाविकांना हा परिसर नवा नाही. माणगावात १८५४ मध्ये जन्मलेले श्री वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामी १९१४ मध्ये गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. तिलकवाडा ते रामपुरा या टप्प्यात नर्मदा उत्तरेकडे वाहते. चैत्रातील उत्तरवाहिनी परिक्रमेत भाविकांना ती दोनदा ओलांडावी लागते आणि काठावर होड्यांसाठी रांगा लागतात. मडगावहून कोकण रेल्वेने थेट बडोद्याला जाता येते.

बडोदा शहरातून वाहणारी विश्वामित्री नौकाविहाराची नदी नव्हे. २०२५ च्या गणनेत तिच्या पात्रात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. म्हणून होडीसाठी सुमारे ५० किलोमीटरवरील चांदोद गाठावे. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम येथे मानला जातो. घाटावरून नावाडी संगमापर्यंत आणि पुढे करनाळीच्या कुबेर भंडारी मंदिरापर्यंत नेतात. अमावास्येला तेथे मोठी गर्दी उसळते. निवांत नौकाविहार हवा असेल, तर तो दिवस टाळावा.

ऋतू आणि विसर्ग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीकडे सरकू लागले की दरवाजे उघडले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये अशाच मोठ्या विसर्गाने चांदोद-करनाळीपासून भरूचपर्यंतचा काठ पाण्याखाली गेला होता. एरवीही धरणाच्या पायथ्याचे १,२०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र चालू झाले की नदीत पाणी सोडले जाते. आकाश निरभ्र आहे म्हणून नदी शांत राहील, असे गृहीत धरता येत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी पाहावी आणि घाटावर पोहोचल्यावर नावाड्याला पाण्याची स्थिती विचारावी.

हरणीचा धडा

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातील हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. ना तेथे पूर होता, ना वादळ. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि जीवरक्षक जॅकेट सर्वांच्या अंगावर नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात नर्मदेच्या काठी पोइचा येथे स्नानास उतरलेले सात जण बुडाले. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ यांत्रिक बोटींना तपासणी आणि नोंदणी बंधनकारक करतो. पण घाटावर उभ्या असलेल्या प्रवाशालाही आपल्या परीने तपासणी करता येते.

बसण्यापूर्वी बोटीची क्षमता विचारावी आणि माणसे मोजावीत. लहान मूल मांडीवर असले, तरी ते एक माणूसच. जॅकेट प्रत्येकाला मिळाले पाहिजे. बंद आवळल्यानंतर खांद्याच्या पट्ट्या धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे. मोठ्यांचे जॅकेट मुलांना चालत नाही. बैठकीखाली ठेवलेले जॅकेट नसल्यासारखेच. भाडे, थांबे आणि परतीची वेळ काठावरच ठरवावी. प्रवासात छायाचित्रासाठी उभे राहू नये. सगळे एका बाजूला झुकले की होडी कलंडते. नर्मदेतही मगरी असल्याने हात पाण्यात सोडून बसू नये आणि अनोळखी काठावर उतरू नये.

स्वतः वल्हवण्याची हौस असेल, तर एकट्याने जाऊ नये. जाताना प्रवाहाविरुद्ध आणि येताना प्रवाहाबरोबर, असा मार्ग ठेवावा. त्यामुळे हात थकतात तेव्हा नदीच साथ देते.

दिवसाची आखणी

सकाळी साडेसहाला बडोद्याहून निघून डभोईमार्गे साडेआठपर्यंत चांदोदला पोहोचावे. हिवाळ्यात धुके असेल, तर समोरचा काठ दिसेपर्यंत थांबावे. संगम आणि करनाळी करून दुपारी बारापर्यंत घाटावर परतावे. त्यानंतर रस्त्याने गरुडेश्वरचे दर्शन घ्यावे. परतीच्या वाटेवर डभोईची हिरा भागोळ ही कोरीव वेस पाहण्याजोगी आहे. पाणी, टोपी, मोबाइलसाठी जलरोधक पिशवी आणि एक कोरडा कपड्यांचा जोड सोबत असावा. आपण कोणत्या घाटावरून निघालो व केव्हा परतणार, हे काठावरील एखाद्याला सांगून ठेवावे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक आहे.

या सर्व तयारीत एक गोष्ट सर्वांत कठीण असते. दोन दिवसांचा प्रवास करून घाटावर पोहोचल्यावर होडी भरलेली दिसते, मागे रांग असते आणि नावाडी 'या, या, होईल जागा' म्हणत असतो. अशा वेळी नकार देऊन पुढच्या होडीची वाट पाहणे संकोचाचे वाटते. तो संकोच घाटावरच सोडावा. दर्शन तासभर उशिरा झाले म्हणून काही बिघडत नाही.