‘मान्सून’ हा शब्द आला कुठून?

जून उजाडला की वसई-विरारमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: मान्सून कधी? मुलं हा शब्द इंग्रजी म्हणून शिकतात. घरातली वडीलधारी मंडळी ‘मौसम’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं ‘मोसमी वारे’ लिहितात. ही तिन्ही भावंडं आहेत आणि त्यांचं मूळ अरबी ‘मौसिम’मध्ये आहे.

त्यामागच्या धातूचा अर्थ खूण करणे, डाग देणे. खूण करून ठरवलेली वेळ म्हणजे मौसिम, मग ती बाजाराची असो, कापणीची असो की हजची. हजच्या दिवसांना अरबीत आजही ‘मौसिमुल हज’ म्हणतात. पावसाचा त्यात थेंबही नाही!

पाऊस शिरला तो समुद्रावरून. अरब दर्यावर्दींच्या लेखी मौसिम म्हणजे एखाद्या बंदराकडे गलबत हाकारण्याची मुदत. आपलं सोपारा अरब भूगोलकारांना ‘सुबारा’ या नावानं ठाऊक होतं. या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे निघायचं ते हिवाळ्यात, ईशान्येचा वारा धरून. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा असा खवळलेला असे की बंदरं बंदच. मुदत चुकली तर माल आणि माणसं दोन्ही अडकली. वारा फिरेपर्यंत घरच्यांनी वाट पाहायची. पंधराव्या शतकातल्या इब्ने माजिद या जाणत्या नाखुदानं या मुदती ग्रंथात लिहून ठेवल्या.

पोर्तुगिजांनी शब्द उचलून त्याचा ‘मोंसांव’ केला. 1534 ते 1739 वसई त्यांच्याच ताब्यात होती. गोव्याच्या पुराभिलेखागारात ‘मोंसांव’ नावाचं मोठं दप्तर आहे. त्यात हवामानाच्या नोंदी असतील असं वाटतं, पण आहे तो लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार. टपाल जहाजांबरोबर आणि जहाजं वाऱ्याबरोबर, म्हणून कागदांनाही वाऱ्याचं नाव. पुढे डचांमार्फत सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत गेला.

दुसरी वाट फारसीची. तिथून उर्दूत आलेला मौसम हवापाण्याबद्दलही बोलू लागला; मराठीत मात्र आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. मूळ अर्थ मराठीनं जास्त जपला, असं आम्हाला वाटतं.

अर्नाळा, पाचूबंदरच्या होड्या 1 जूनला किनाऱ्याला लागतात. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. ही मुदत आता सरकार ठरवतं. तोवर आपल्या स्वयंपाकघरांत आगोटीला भरून ठेवलेले सुके बोंबील आणि सुकट.