नांव हवें कीं गुण?



माझें आयुष्य शाळेंत मुलांची हजेरी घेण्यांत गेलें. सेवानिवृत्तीनंतर नातीच्या आग्रहावरून मी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकूं लागलों, आणि आरंभींच ठेंच लागली. नवशिक्यांस उपयोगी पडेल म्हणून ती सांगतों.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना रचिली. तींत माहिती सांठविण्याचे दोन प्रकार नेहमीं भेटतात. एक ॲरे, म्हणजे क्रमवार रांग. तींतील जागा शून्यापासून सुरू होणाऱ्या क्रमांकानें ओळखावयाची. दुसरा ऑब्जेक्ट, म्हणजे नांवें चिकटविलेले कप्पे. येथें 'गणित' म्हटलें कीं त्या कप्प्यांतील गुण हातीं येतात.

मीं तीन मुलांचे गुण, ४०, ३५ आणि ५०, रांगेंत मांडले व 'फॉर-इन' या फेरीनें बेरीज करूं गेलों. उत्तर यावयाचें १२५, आलें '००१२'! संगणक चुकला नव्हता. वर्गांत क्रमांक पुकारला कीं मूल उभें राहतें; 'फॉर-इन' मात्र नुसता क्रमांकच पुकारते. ०, १, २ हीं तिच्या लेखीं कप्प्यांचीं नांवें, आणि तींहि अंक म्हणून नव्हेत, अक्षरें म्हणून. अक्षरांची बेरीज होत नाहीं. तीं आरंभींच्या शून्यापुढें एकास एक जोडलीं जातात.

खरा धोका पुढेंच आहे. त्या '००१२'ला तिहींनीं भागलें, तर ही भाषा मुकाट्यानें अक्षरांचा अंक करते आणि सरासरी ४ देते. खरी सरासरी एक्केचाळिसांच्या वर. पण कागदावर उत्तीर्ण मुलें नापास!

रांगेसाठीं २०१५ सालीं 'फॉर-ऑफ' ही फेरी भाषेंत आली. ती प्रत्यक्ष गुण क्रमानें हातीं देते. साध्या ऑब्जेक्टावर मात्र ती चालत नाहीं. संगणक चूक दाखवून थांबतो. तेथें आपणांस काय हवें तें आधीं सांगावें लागतें: 'ऑब्जेक्ट.कीज' नांवें देतें, 'ऑब्जेक्ट.व्हॅल्यूज' मूल्यें, आणि 'ऑब्जेक्ट.एंट्रीज' दोहोंच्या जोड्या. तिहींचें उत्तर पुन्हां एक रांगच असते. तिच्यावर 'फॉर-ऑफ' खुशाल चालवावी.

जी चूक काम थांबविते तिचें भय नको; जी गुपचूप खोटें उत्तर देते तिचें असावें. म्हणून फेरी सुरू करण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: मला नांव हवें आहे, कीं गुण?