विंचवाच्या बिऱ्हाडाची नांगी

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. तिचा पुरता अर्थ मात्र मला २०२४ सालच्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या एका हमरस्त्याच्या कडेला उभे राहून कळला. म्हण रचणाऱ्याने बिऱ्हाडाचा उल्लेख केला, पण नांगीचा केला नाही. आणि आमचे सारे रामायण घडले ते नांगीमुळेच!

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, तेव्हा आमच्या मेहुण्यांनी मोठ्या अभिमानाने अंगणातले त्यांचे नवे बिऱ्हाड दाखवले. नवे म्हणजे त्यांच्यापुरते नवे. मूळ मालकाने ते आठ वर्षे वापरलेले होते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर त्याचे नाक अडकवायचे आणि ओढत न्यायचे. आत पाहतो तो ओटा, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर, चार माणसांचे बिछाने! सौ. म्हणाल्या, “आपल्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत एवढं कुठं होतं?” मी तो विषय वाढवला नाही.

बेत असा होता, की हे घर घेऊन उत्तरेला मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जायचे. अंतर सुमारे आठशे किलोमीटर. तिथे जॉन रॉकफेलर धाकटे यांनी १९१३ ते १९४० या काळात डोंगरातून आणि तळ्यांच्या काठाने घोडागाड्यांसाठी खडीचे रस्ते बांधून घेतले. त्यांपैकी सुमारे ७२ किलोमीटरचे रस्ते आज उद्यानात आहेत. मोटारींना तिथे मज्जाव आहे. चालावे, नाहीतर सायकल चालवावी. बहिणीच्या गुडघ्याची आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला सांगितले होते. पुण्यात असताना ती टिळक रस्त्यावरून दोन्ही हात सोडून सायकल हाकीत असे. ते जाऊन आता विजेची सायकल आली, एवढाच फरक.

सायकली तीन होत्या. मेहुण्यांची आणि बहिणीची विजेवरची, एक २७ किलोची, दुसरी २५ किलोची. आणि भाच्याची साधी, १३ किलोची. मोटारीत सामान भरलेले. मग सायकली न्यायच्या कुठे? मेहुण्यांनी ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बसवायचा एक रॅक जुन्या बाजारातून आणला होता. तो त्यांनी बंपरला आवळला, वर सायकली चढवल्या आणि पट्टे बांधू लागले. इथे मी पुढे सरसावलो.

लहानपणी आम्ही मे महिन्यात कोकणात जात असू, तेव्हा एसटीच्या टपावर आमची सायकल चढे. वडील ती स्वतः बांधत. ते म्हणत, “सोडायची घाई असेल तिथं सुरगाठ, सुटायची भीती असेल तिथं निरगाठ.” मी मेहुण्यांच्या पट्ट्यांवर नायलॉनची दोरी घेतली आणि सात ठिकाणी निरगाठी मारल्या. सायकल धरून हलवली, तर सगळा ट्रेलर हलला. “मामा, आता भूकंप झाला तरी सुटायची नाही,” भाचा म्हणाला. मी नम्रपणे हसलो.

पुलापलीकडे

पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिस्काटाक्वा नदीवरचा उंच पूल ओलांडून आम्ही मेन राज्यात शिरलो. थोडे पुढे गेलो, तोच मागचा मालट्रक जोरजोराने भोंगा वाजवू लागला आणि दिव्यांची उघडझाप करू लागला. मेहुण्यांना वाटले, त्याला पुढे जायचे आहे. त्यांनी वाट दिली. तो पुढे न जाता शेजारून चालू लागला आणि हाताने मागे, मागे, असे खुणावू लागला.

आम्ही कडेला थांबलो आणि मागे जाऊन पाहतो तो काय! बंपर एका टोकाला ट्रेलरपासून उचकटला होता. रॅक तिरपा होऊन लोंबत होता आणि भाच्याच्या सायकलीचे चाक रस्त्यावर घासून घासून अर्धचंद्राकृती झाले होते. माझ्या साती गाठी मात्र जशाच्या तशा होत्या. त्यांच्यामुळेच सायकली सुटून रस्त्यावर पडल्या नाहीत, हे खरे. पण ज्याला बांधले, तेच तुटत असेल तर गाठीने काय होणार? आणखी काही मैल गेलो असतो तर दुसरे टोकही उचकटले असते आणि ८५ किलोचे लोखंड एकदम रस्त्यावर आले असते. गाठी घट्ट, म्हणून सगळे एकगठ्ठा!

आम्ही सुन्न होऊन उभे असतानाच एक मोटारसायकल शेजारून भर्रकन निघून गेली. पुढे एक म्हातारे गृहस्थ, मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलेली बाई. बहिणीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. पाच मिनिटांपूर्वी आमच्या मागे मालट्रकाऐवजी ती दोघे असती तर, हा विचार आजही रात्री मध्येच जाग आली की मनात येतो.

गाठी सुटता सुटेनात. शेवटी स्वयंपाकाच्या सुरीने दोरी कापावी लागली. सायकली ट्रेलरच्या आत घेतल्या, चाकांच्या आसाच्या वरची मोकळी जागा पाहून चादरीवर आडव्या ठेवल्या, सौ.ची फडकी पायट्यांना गुंडाळली आणि सगळे खाटेच्या पायांना बांधले. पुढच्या प्रवासात चहा करायचा तर आधी तीन सायकली बाहेर काढाव्या लागत. पण कोणीही कुरकूर केली नाही.

नांगीचे गणित

त्या रात्री मुक्कामाला पोचल्यावर खणातली ट्रेलरची पुस्तिका काढली. बंपरवर सायकलींचा रॅक लावू नये, असे तीत स्वच्छ छापले होते. मेहुण्यांनी ते वाचले नव्हते. मीही नव्हते. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तक न वाचता मार्गदर्शिका वाचल्या तर मी तासभर बोलतो. आता कोणत्या तोंडाने बोलणार?

पुढे चार जाणत्या लोकांना विचारून आणि पुष्कळ वाचून जे कळले, ते इथे सांगतो.

पुष्कळशा ट्रेलरांचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी असते. तिच्या पोकळीत सांडपाण्याची रबरी नळी ठेवतात. फार तर जादा चाक टांगावे, एवढाच तिचा जीव. शिवाय ती दोन-चार ठिकाणी झाळलेली असते. रॅक तिच्यापासून हातभर मागे असल्याने सायकलींचे वजन तिला नुसते खाली दाबत नाही, तर पिळते. ओला पंचा पिळावा तसे.

दुसरी गोष्ट हेलकाव्याची. मोटारीच्या मागे रॅक लावला तर तो मागच्या चाकांपासून फार दूर नसतो. ट्रेलरची चाके मध्याच्या आसपास आणि शेपूट लांब. लहान मुलांच्या सी-सॉचे टोक आठवा. मधे बोटभर हलले, तर टोकाला वीतभर हलते. पुलाच्या सांध्यावर, खड्ड्यावर ते टोक आपटते तेव्हा क्षणभर ८५ किलोचे ओझे त्याच्या कितीतरी पट होते. आणि पुढे बसलेल्या चालकाला यातले काहीच जाणवत नाही! म्हणूनच मोटारीसाठी केलेले बरेचसे रॅक त्यांचे कारखानदार ट्रेलरवर लावायला मनाई करतात. त्यासाठी खास बनवलेले नमुने वेगळे मिळतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार त्याच्या नाकावर, म्हणजे मोटारीच्या गोळ्यावर पडला पाहिजे. समजा, ट्रेलर २५०० किलोचा आहे आणि नाकावर २५० किलो पडतात. आता चाकांच्या मागे तीन मीटरवर ८५ किलो टांगा. नाक चाकांपुढे पाच मीटरवर असेल, तर सी-सॉच्या न्यायाने नाकावरचे ५१ किलो कमी होतात. उरले १९९, म्हणजे पुरते ८ टक्केही नाहीत. नाक हलके झाले की शेजारून मोठा ट्रक गेला, वारा लागला, की शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते आणि शेवटी ती मोटारीलाही फिरवते. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबू नये. चाक सरळ धरावे, वेग हळूहळू उतरू द्यावा आणि ट्रेलरचा स्वतंत्र ब्रेक हाताशी असेल तर तेवढाच लावावा.

मग सायकली न्याव्यात कशा? आसाच्या आसपास, आत ठेवता आल्या तर उत्तम. नाहीतर ओढणाऱ्या मोटारीच्या टपावर. ट्रेलरच्या नाकावर बसवायचेही रॅक असतात. मात्र मोटार काटकोनात वळली तर सायकल तिला घासत नाही ना, आणि नाकावरचा भार मोटारीला पेलतो ना, हे आधी पाहावे. मागेच न्यायच्या असतील, तर बंपरला हात न लावता खालच्या मुख्य सांगाड्यालाच जाड चौकोनी खोबण झाळून घ्यावी आणि तीत ट्रेलरसाठीचाच रॅक घट्ट, खुळखुळ न होईल असा बसवावा. मग सगळे सामान भरून वजनकाट्यावर जावे. अमेरिकेत मालट्रकांच्या थांब्यांवर असे काटे असतात.

विजेच्या सायकलीची बॅटरी काढून आत ठेवावी. तेवढेच काही किलो कमी होतात. पुढचे चाक दांड्याला बांधावे, म्हणजे ते वळत नाही. सायकलींवर आच्छादन घालायचा मोह टाळावा. वाऱ्यात त्याचे शीड होते. मागचे दिवे आणि नंबराची पाटी झाकू नये. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरांवर थांबून सगळे हलवून पाहावे आणि पुढे प्रत्येक थांब्यावर पाहावे. आणि बांधलेली गाठ पाहण्याआधी ती ज्याला बांधली आहे ते पाहावे.

हे सगळे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे वाचकांनी म्हणू नये. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनेही कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आणि ट्रेलर सोडा, रविवारी सकाळी मोटारीमागे सायकली टांगून सिंहगडाकडे जाणारी कुटुंबे पुण्यात दिसू लागली आहेत. त्यांच्या रॅकच्या पट्ट्यांकडे आता माझी नजर आपोआप जाते. एकदा तर लाल दिव्यापाशी खाली उतरून एका गृहस्थांना मी, “अहो, तुमचा डावा पट्टा सैल आहे,” असे सांगितले. त्यांनी काच वर केली. पण हिरवा दिवा लागल्यावर थोडे पुढे जाऊन ते थांबलेले मी पाहिले.

तळ्याच्या काठी

अकेडियाजवळच्या बार हार्बर गावात शिरलो आणि पाहतो तर सायकली भाड्याने देणारी दुकाने! आपल्या पुण्यात पूर्वी तासावर सायकल मिळे, तशीच. आठशे किलोमीटर ओढत आणलेल्या सायकलींकडे मेहुण्यांनी पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही पोट धरून हसलो. कालपासून पहिल्यांदाच. भाच्यासाठी आणि माझ्यासाठी सायकली भाड्याने घेतल्या. न्यायची गरज आहे का, हा प्रश्न कशी न्यावी या प्रश्नाच्या आधी विचारायचा असतो, हेही त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी ईगल तळ्याभोवतीच्या खडीच्या रस्त्यावर निघालो. दगडी पूल, कडेला ओळीने बसवलेले ओबडधोबड दगड. तिथले लोक त्यांना गमतीने रॉकफेलरचे दात म्हणतात. बहीण आधी बिचकत होती. मेहुणे तिच्या शेजारून जपून चालले होते. पहिला चढ संपला आणि उतार लागला, तशी ती पुढे गेली. “अगं, हळू!” मी ओरडलो.

“दादा, तू मागं राहा,” तिने मान न वळवता सांगितले.

तिने हात सोडले नाहीत. पण एक हात उचलून आम्हाला दाखवला.