२४० मिनिटांची वाटणी

एनबीए या बास्केटबॉल लीगचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि एका संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. म्हणजे प्रशिक्षकाकडे प्रत्येक सामन्यात वाटायला २४० मिनिटं असतात. मोसमात ८२ सामने धरले आणि जादा वेळ सोडून दिला, तर १९,६८० मिनिटं होतात. नवा मोसम सुरू होण्याआधी तीसही संघांचा अंदाज लिहायचं काम मी करतो, आणि ते हाती घेताना मी आधी हा आकडा समोर ठेवतो. खेळाडूंची नावं त्यानंतर येतात. कालव्याच्या पाण्याची पाळी लावताना एका शेताला तासभर जास्त दिला की दुसऱ्याचा तास जातो, तसाच हा हिशेब असतो. मोठा खेळाडू संघात आला, ही बातमी कुणालाही आवडते. त्याची ३४ मिनिटं कुणाच्या वाट्यातून काढायची, हे विचारलं की संघ खरा दिसायला लागतो.

काम सुरू होतं आपल्याकडच्या पावसाळ्यात. जूनच्या शेवटी नव्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते. ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात, आपल्याकडे १ जुलैच्या पहाटेचे साडेतीन, आणि मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी करारांची धांदल उडते. जुलैत लास व्हेगासला नवख्यांची समर लीग, ऑगस्टच्या मध्यात वेळापत्रक, सप्टेंबरच्या अखेरीस सराव शिबिरं. शिबिराला २१ जण नेता येतात. मोसम सुरू होताना मात्र पूर्ण करार फक्त पंधरा जणांचे, शिवाय तीन टू-वे करारवाले, जे मुख्य संघ आणि दुय्यम जी लीग यांच्यात ये-जा करतात.

एका संघाला एक कागद. डावीकडे नावं, उजवीकडे मिनिटं. पहिल्या पाचांना दीडशेच्या वर मिनिटं जातात, आणि आठव्या-नवव्या नावापाशी २४० संपतात. त्याच्या शेजारी दुसरा रकाना असतो, तो म्हणजे ८२ पैकी किती सामने. माझ्या मते हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक मोसमपूर्व लेखांत तोच रिकामा असतो. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी २१ कोटी २० लाख डॉलर देऊन आणलं. जोएल एम्बीड आणि टायरीस मॅक्सी आधीच संघात होते. कागदावर हे त्रिकूट पूर्व विभागात कुणालाही भारी पडलं असतं. प्रत्यक्षात एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, मॅक्सी ५२. तिघांचे मिळून २४६ पैकी ११२. संघ ५८ सामने हरला.

त्याच मोसमात ओक्लाहोमा सिटीचा चेट होल्मग्रेन कंबरेच्या दुखापतीमुळे फक्त ३२ सामने खेळला, तरी संघाने ६८ जिंकले आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. शे गिलजस-अलेक्झांडर सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं. पण त्या संघाच्या कागदावर खाली उतरत गेलं की गोष्ट अधिक रंगते. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नव्हतं. ॲरन विगिन्स २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पंचावन्नावा होता. आयझाया जो या नेमबाजाला ऑक्टोबर २०२२ मध्ये, मोसमाला आठवडाही उरला नसताना, फिलाडेल्फियाने मोकळं केलं आणि ओक्लाहोमाने उचललं. संघ कापून पंधरावर आणण्याच्या दिवसांतल्या या दोन ओळींच्या बातम्या मी म्हणूनच सोडत नाही. होल्मग्रेन बसला तेव्हा त्याची मिनिटं घ्यायला सक्षम माणसं रांगेत उभी होती, कारण ती अशा बातम्यांतून वर्षानुवर्षं जमवलेली होती.

मिनिटं किती, याच्या पुढचा प्रश्न म्हणजे कुणाबरोबर. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये १४ सामने जिंकले, त्यात ओळीने २८ पराभव होते. पुढच्या मोसमात ४४ विजय. केड कनिंगहॅम दोन्ही वर्षी होता. त्याच्या भोवती मात्र टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली हे लांबून बास्केट करणारे मुरलेले खेळाडू आले, आणि जे. बी. बिकरस्टाफ हे नवे प्रशिक्षक आले. बीझलीने एकट्याने ३१९ थ्री-पॉइंटर मारले. नेमबाज बाजूला उभे असले की त्यांच्यावरचे बचावपटू आत सरकू शकत नाहीत, आणि चेंडू घेऊन घुसणाऱ्या कनिंगहॅमला वाट मिळते. या तिघांपैकी एकाच्याही येण्यावर मोठा मथळा झाला नव्हता.

गेल्या मोसमाचे विजय जसेच्या तसे मी पुढे नेत नाही. त्याऐवजी सरासरी गुणफरक बघतो. बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी धावांवरून विजयांचा अंदाज बांधायचं सूत्र काढलं होतं. डीन ऑलिव्हर यांनी ते बास्केटबॉलला लावलं आणि घातांक चौदाच्या आसपास नेला. रोजच्या कामाला सोपा आडाखा पुरतो: गुणफरकाला अडीचने गुणायचं आणि ४१ मध्ये मिळवायचं. फिनिक्सने २०२१-२२ मध्ये ६४ सामने जिंकले, पण त्यांचा गुणफरक साडेसात होता, म्हणजे साधारण ६० विजयांचा. वरचे चार शेवटच्या दोन मिनिटांत खेचून आणलेले. ही कला दर वर्षी तितकीच साथ देत नाही. पुढच्या मोसमात दुखापतीही आल्या आणि विजय ४५ वर आले.

फिनिक्सचा कागद तिथून पुढे मी फार बारकाईने वाचत आलो, कारण पैशाचा आणि मिनिटांचा संबंध इतका उघड दुसरीकडे क्वचित दिसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन ड्युरँट आला, जूनमध्ये ब्रॅडली बील. डेव्हिन बुकर होताच. तिघेही उत्तम गुण काढणारे, तिघांचेही पगार जवळजवळ कमाल. नेमक्या त्याच वर्षी लीगचा नवा करार लागू झाला आणि त्यात सेकंड ॲप्रन नावाची खर्चाची मर्यादा आली. २०२५-२६ साठी पगारांची मूळ मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, १५ कोटी ४६ लाख डॉलर होती आणि सेकंड ॲप्रन २० कोटी ७८ लाख. ही दुसरी रेषा ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, मधल्या किमतीचा करार देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची ड्राफ्टमधली निवडही गोठते. राहतात किमान पगाराचे करार. म्हणजे सातव्यापासून दहाव्यापर्यंतची सगळी नावं त्याच दरात शोधायची. या त्रिकुटाच्या पहिल्या मोसमात फिनिक्सने ४९ सामने जिंकले आणि पहिल्या फेरीत मिनेसोटाकडून चारही सामने हरले. पुढच्या वर्षी फक्त ३६ जिंकले. २०२५ च्या जुलैत ड्युरँट ह्यूस्टनला गेला आणि बीलचा करार पैसे मोजून मोडला गेला. पहिल्या तिघांची नावं वाचून त्या संघाला पसंती देणाऱ्यांनी खालच्या सात ओळी वाचायला हव्या होत्या, असं मला तेव्हाही वाटत होतं.

ऑक्टोबरचे सराव सामने हा या कामातला सर्वांत फसवा आणि तरी मला सर्वांत आवडणारा भाग. असे दोन सामने आपल्याकडे झाले आहेत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, भारतातले एनबीएचे पहिले सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. तीन हजारांहून जास्त पोरांचा तो कल्ला, आणि सामना जादा वेळेत जाऊन पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. दुसरा त्यांनी १३०-१०६ असा सहज घेतला. पत्रकारांच्या जागेवरून मी दोन्ही पाहिले.

गुणफलकाकडे बघून त्या दोन दिवसांत हाती काही लागलं नसतं. सराव सामन्यात शेवटचं क्वार्टर खेळणारी बरीच मुलं आठवड्याभरात घरी गेलेली असतात. बघायचं ते पहिलं क्वार्टर, आणि त्यातही बदली खेळाडूंचा क्रम. त्या वर्षी पेसर्सविषयी एकच मोठा प्रश्न होता. व्हिक्टर ओलाडिपो गुडघ्याच्या वरच्या गंभीर दुखापतीतून सावरत होता, थॅडियस यंग शिकागोला गेला होता, आणि त्या जागी मायल्स टर्नर आणि डोमँटास सबोनिस या दोन उंच खेळाडूंना एकत्र खेळवायचं ठरत होतं. दोघांना मैदानात ठेवलं तर बास्केटखाली गर्दी होणार का? त्यामुळे चेंडू कुणाकडेही असला तरी मी टर्नरचे पाय बघत होतो. तो तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन थांबतो का, आणि त्याच्या मागे त्याचा बचावपटू जातो का. बचावपटू बाहेर खेचला गेला तर सबोनिसला आत मोकळी जागा. नेमबाजी त्या दिवशी चालली की नाही, याला अर्थ नव्हता. उभं राहायची जागा प्रशिक्षकाने ठरवलेली असते आणि ती मोसमातही तीच राहते. सबोनिस त्या मोसमात पहिल्यांदा ऑल-स्टार झाला. साथीमुळे आखूड झालेल्या त्या वर्षी संघाने ७३ पैकी ४५ सामने जिंकले.

किंग्जचं उलटं झालं. आदल्या वर्षी ३९ विजय, नवे प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा निवडलेला मार्विन बॅग्ली. त्याच्या वाट्याला तिसेक मिनिटं मांडणं अगदी रास्त होतं. किंग्जच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात, फिनिक्समध्ये, त्याच्या अंगठ्याचं हाड मोडलं आणि त्या मोसमात तो १३ सामने खेळला. संघ पहिले पाचही सामने हरला. शिबिरात, सराव सामन्यात, आकड्यांत ही गोष्ट कुठेही दिसू शकत नव्हती. म्हणून प्रत्येक संघाखाली मी एक ओळ लिहितो: पहिल्या तिघांपैकी एक बसला तर त्याची मिनिटं कुणाकडे जातील? उत्तर सुचलं नाही तर त्या संघाचे तीन-चार विजय मी आधीच कमी करतो.

वरळीत समोरासमोर खेळलेले सबोनिस आणि किंग्जचा बडी हील्ड फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच सौद्यात संघ बदलून गेले. त्याच सौद्यात टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला आला, आणि त्याने २०२५ मध्ये त्या संघाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. त्या सामन्यात त्याची टाचेवरची शीर, अकिलिस, तुटली. त्याआधी मे महिन्यात बॉस्टनच्या जेसन टेटमचं तेच झालं होतं आणि एप्रिलमध्ये मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डचं. पूर्व विभागातले तीन कागद एका वसंतात फाटले. बॉस्टनने तर सेकंड ॲप्रनखाली येण्यासाठी ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस यांनाही देऊन टाकलं. ६४ सामने जिंकलेलं क्लीव्हलंड आणि न्यू यॉर्क हे २०२५-२६ च्या मोसमाआधी पुढे दिसत होते, ते बऱ्याच अंशी यामुळे.

न्यू यॉर्कचा कागद मला त्या मोसमाआधी सगळ्यात जास्त खुणावत होता. पहिले पाच तेच होते. आदल्या मोसमात प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी त्यांना इतकं राबवलं, की मिकाल ब्रिजेसची एकूण मिनिटं लीगमध्ये सर्वांत जास्त भरली. संघ २५ वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचला आणि जूनमध्ये थिबोडो यांना काढलं गेलं. त्यांच्या जागी माइक ब्राउन आले, बाकावर जॉर्डन क्लार्कसन आणि गर्शन याबुसेले आले. ब्राउन पहिल्या पाचांची दर सामन्यातली दहा-बारा मिनिटं जरी खाली सरकवू शकले, तरी एप्रिलमध्ये हाच संघ ताज्या पायांनी उभा राहील, असा माझा हिशेब होता. मी त्यांचे विजय वाढवले नाहीत, प्लेऑफमधली अपेक्षा वाढवली.

ह्यूस्टनचा कागद मात्र दोनदा लिहावा लागला. ड्युरँट आल्यावर तो सुंदर जमला होता. सप्टेंबरमध्ये फ्रेड व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि पॉइंट गार्डची ३५ मिनिटं एकदम मोकळी झाली. काही आमेन थॉम्प्सनकडे जाणार होती, पण तो लांबून मारत नव्हता. रीड शेपर्ड मारत होता, पण पहिल्या वर्षी त्याला जेमतेम डझनभर मिनिटं मिळाली होती आणि बचावात त्याला हेरून खेळतील अशी भीती होती. अल्पेरेन शेंगून आणि स्टीव्हन ॲडम्स या दोन धिप्पाड खेळाडूंना एकत्र ठेवून चुकलेले चेंडू गोळा करत राहणं, हा प्रशिक्षक इमे उदोका यांच्याकडचा तिसरा मार्ग. मी तिन्हींत मिनिटं वाटली आणि विजय तीनने कमी केले.

२१ ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे २२ च्या पहाटे पाचला, हाच ह्यूस्टन संघ ओक्लाहोमामध्ये मोसमाचा पहिला सामना खेळणार होता. शेपर्डने त्या रात्री पाच थ्री-पॉइंटर मारले किंवा एकही मारला नाही, तरी त्याच्या नावापुढचा आकडा मी खोडणार नव्हतो. सामना अटीतटीला आलेला असताना चौथ्या क्वार्टरमध्ये उदोका त्याला मैदानात ठेवतात की उठवतात, त्यावर तो बदलणार होतो.