‘साऊंड कोण बघणार?’

टीवायला असताना डॉक्युमेंटरीच्या प्रोजेक्टसाठी आमचा सात जणांचा ग्रुप होता. विषय ठरला भाजी मंडईतली पहाट. कामं वाटायला कट्ट्यावर बसलो, तर चौघांना डिरेक्टर व्हायचं होतं आणि तिघांना कॅमेरा हवा होता. ‘साऊंड कोण बघणार?’ कुणीतरी विचारलं. ‘अरे, कॅमेऱ्याला माईक असतोच की!’ विषय संपला.

पहाटे चारला मंडईत पोचलो. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या एक आजी पाऊण तास बोलल्या. नवऱ्याच्या मागे पहिल्यांदा मंडईत येऊन बसल्या, त्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. फ्रेम मस्त होती. घरी येऊन हेडफोन लावले, तर नुसती टेम्पोची घरघर आणि हमालांच्या हाका. आजींचं एक वाक्य धड कळेना. चार दिवसांनी परत गेलो. आजी म्हणाल्या, ‘पोरांनो, ते एकदाच बोलवतं माणसाला. चहा घ्या आणि जावा.’

सिनेमात रिटेक असतो. डॉक्युमेंटरीत समोरचा माणूस नट नसतो, म्हणून तिथे प्रत्येक कामाला माणूस लागतो.

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ तुम्ही पाहिली असेल. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात हत्तींची अनाथ पिल्लं सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली यांची ही गोष्ट. २०२३मध्ये तिला ऑस्कर मिळालं, तेव्हा स्टेजवर दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस आणि निर्मात्या गुनीत मोंगा दिसल्या. पण जवळपास पाच वर्षांत जमलेलं सुमारे ४५० तासांचं फुटेज साधारण ४० मिनिटांवर आणलं, ते संचारी दास मलिक आणि डग्लस ब्लश या एडिटर्सनी. हिशोब करा, पडद्यावरच्या एका मिनिटामागे अकरा तासांचं फुटेज!

आपल्याकडचं उदाहरण आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चं. १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, तिथून सुरू झालेली ही फिल्म २०११मध्ये पूर्ण झाली. पटवर्धन दिग्दर्शनासोबत एडिटिंगही स्वतःच करतात. म्हणजे माणसं कमी असली तरी चालतं, पण कामं कमी होत नाहीत!

कोण काय करतं?

रिसर्चर : कॅमेरा पोचण्याआधी हा तिथे जाऊन बसतो. माणसं ओळखीची झाली की मगच बोलतात.

प्रोड्युसर : पैसा उभा करणं, परवानग्या, ज्यांचं शूटिंग करतोय त्यांची लेखी संमती आणि फिल्म लोकांपर्यंत पोचवणं.

साऊंड रेकॉर्डिस्ट : कॉलर माईक, बूम आणि कानावर कायम हेडफोन. नको तो आवाज आला की बोलणं तिथेच थांबवायची हिंमत याच्यात हवी. मुलाखत झाल्यावर मिनिटभर सगळ्यांना गप्प करून नुसता त्या जागेचा आवाजही हा रेकॉर्ड करतो. एडिटिंगमध्ये तो लागतोच.

ट्रान्सक्रिप्शन आणि भाषांतर : तासन्‌तास ऐकून शब्द न्‌ शब्द उतरवायचा. कंटाळवाणं काम, पण इथे एक शब्द चुकला तर माणूस न बोललेलं त्याच्या तोंडी जातं.

एडिटर : डॉक्युमेंटरीची पटकथा बऱ्याचदा शूटिंगनंतर, एडिटिंगच्या टेबलावर तयार होते. काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं, हे ठरवणं अवघड.

आमची फिल्म सबमिट झाली, मार्कही बरे मिळाले. तिच्यात आजी आहेत. मेथी बांधणारे त्यांचे हात दिसतात, मागे बासरी वाजते. बघणारे ‘काय सुंदर शॉट आहे’ म्हणतात. आजी काय बोलत होत्या, हे मात्र आम्हा सात जणांनाच माहीत आहे.

यंदा तुमच्या ग्रुपमध्ये कामं वाटाल, तेव्हा डिरेक्टर कोण हे नंतर ठरवा. साऊंडसाठी आधी हात वर करा. मी केलाय.